गीझर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

दिवाळीच्या आसपास पहिली थंडी पडते, उन्हाळा-पावसाळाभर बंद असलेल्या गीझरचं बटण दाबलं जातं आणि एकाच आठवड्यात इमारतीतल्या चार घरांना कळतं की पाणी गरम होत नाही. त्या दिवसांत इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही. आलाच तर खालून टॉर्च मारतो, “काका, टाकी गेलीय, आता नवाच घ्या” म्हणतो आणि पुढच्या घरी जातो. कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा दीड-दोन हजारांत झालं असतं त्या कामासाठी दहा हजार जातात. उलटही होतं: टाकी खरंच गेलेली असताना एक व्हॉल्व्ह, एक वायसर, एक कॉइल असं करत वर्षभर पैसे घातले जातात आणि शेवटी नवा घ्यावाच लागतो.

हा घोळ टाळायचा तर गीझरकडे दोन भाग म्हणून बघा. एक भाग आतली टाकी. दुसरा भाग टाकीला बोल्ट-आट्यांनी जोडलेलं बाकी सगळं: कॉइल, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग), कटआउट, गॅस्केट (जोडातली रबरी चकती), ॲनोड रॉड, सेफ्टी व्हॉल्व्ह, वायरी, दिवे. दुसऱ्या भागातलं काहीही बिघडलं तरी ते बदलता येतं. टाकीला भोक पडलं तर गीझर संपला. म्हणून “किती जुना आहे?” किंवा “किती खर्च येईल?” हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: टाकी शाबूत आहे का? आणि नसेल, तर ती का गेली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न शोधता नवा लावलात तर तोही त्याच वाटेनं जातो.

खालचं बहुतेक लिखाण १० ते २५ लिटरच्या भिंतीवरच्या साठवणीच्या विजेच्या गीझरबद्दल आहे. इन्स्टंट, गॅस आणि सोलरचं शेवटी थोडक्यात.

हात लावण्याआधी

बटण बंद करणं पुरेसं नाही. एमसीबी (बोर्डातला, भार जास्त झाला की पडणारा स्विच) खाली करा आणि शक्य असेल तर प्लगही काढा. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. तिथे बटण बंद असूनही कॉइलपर्यंत वीज पोचलेली असते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दुरुस्ती होईपर्यंत तो गीझर वापरायचाच नाही. “बंद करून आंघोळ करतो ना” हा उपाय नाही, कारण कोणीतरी विसरतंच.

टाकीतलं पाणी निवल्याशिवाय खालचं झाकण उघडू नका. आणि टाकी एकदा रिकामी केली की पुन्हा चालू करण्यापूर्वी गरम पाण्याच्या नळातून पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबा. कोरड्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते. नव्या गीझरची कॉइल पहिल्याच दिवशी जाते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

पहिली पायरी: पाटी आणि बिल

गीझरच्या अंगावर एक पाटी किंवा स्टिकर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावर क्षमता, वॅट, दाब (बहुधा ८ बार किंवा ०.८ मेगापास्कल), आयएसआयची खूण, आयएस २०८२ हा मानक क्रमांक, सीरियल नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष सापडतं.

आता बिल शोधा. गीझरची वॉरंटी एकसंध नसते, तीन तुकड्यांत असते: पूर्ण वस्तूची साधारण २ वर्षं, कॉइलची त्याहून काहीशी जास्त, आणि टाकीची सगळ्यात लांब, बहुतेक ब्रँडमध्ये ५ ते ७ वर्षं. हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून स्वतःचं कार्ड वाचा. सहा वर्षांच्या गीझरची टाकी गळायला लागली की लोक तो सरळ भंगारात देतात आणि टाकीची वॉरंटी अजून चालू होती हे नंतर लक्षात येतं. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या माणसाला झाकण उघडू देऊ नका. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

दुसरी पायरी: नेमकं काय होतंय?

पाणी अजिबात गरम होत नसेल तर गीझरच्या आधी प्लग बघा. २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो आणि ३००० वॅटचा १३. सॉकेट सैल असेल तर पिन तापते, काळी पडते, प्लॅस्टिक वितळतं. वास आला असेल किंवा पिनेवर काळा डाग असेल तर १६ अँपिअरचा चांगला प्लग-सॉकेट आणि जळालेल्या वायरचा तुकडा बदलून काम होतं. यासाठी गीझर बदलणाऱ्यांची नवलाई वाटते, पण असे लोक आहेत. नवा गीझरही त्याच जळक्या सॉकेटमध्ये लावतात.

प्लग ठीक असेल तर पुढचा संशय कटआउटवर. थर्मोस्टॅटनं वेळेवर वीज तोडली नाही तर कटआउट तोडतो आणि तो आपोआप परत जोडला जात नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये खालच्या झाकणाआड त्याचं छोटं बटण असतं. वीज पूर्ण बंद करून ते एकदा दाबायला हरकत नाही. पण दोन दिवसांत तो पुन्हा उडाला तर परत परत दाबत बसू नका. थर्मोस्टॅट अडकला आहे आणि कटआउट तुम्हाला तेच सांगतो आहे.

मग राहते कॉइल. इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो. वीज बंद करून आणि वायरी सोडवून तुमच्यासमोर रेझिस्टन्स मोजायला सांगा. २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओम दिसले पाहिजेत, ३००० वॅटच्या कॉइलला साडेसतराच्या आसपास. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली. आकडा बरोबर येत असेल आणि कॉइलचं टोक व गीझरची बॉडी यांच्या मध्ये जोड दाखवत नसेल तर कॉइल चांगली आहे; “कॉइल गेली” म्हणणाऱ्याला दुसरीकडे शोधायला लावा.

गीझर लावताच स्विच पडत असेल तर कोणता पडतो ते पाहा. एमसीबी लगेच पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. आरसीसीबी पडत असेल तर वीज जमिनीकडे गळते आहे. बहुधा कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर गेली आहे आणि पाणी आतल्या पावडरपर्यंत पोचलं आहे. पावसाळाभर बंद असलेल्या गीझरच्या कॉइलमध्ये नुसत्या दमटपणानंही असं होऊ शकतं, म्हणून एकदा पडला की लगेच नवी कॉइल असा अर्थ होत नाही. इन्सुलेशन मोजून घ्या. मात्र आरसीसीबी काढून टाकून गीझर “चालू करून देणारा” भेटला तर त्याला चहाही न देता दाराबाहेर पाठवा.

पाणी गरम व्हायला फार वेळ लागतो, या तक्रारीवर सर्रास सांगितलं जातं की कॉइलवर क्षार बसलेत. क्षार बसलेले असतीलही. पण कॉइल ओढते तेवढी वीज उष्णता होऊन शेवटी पाण्यातच जाते, तिला दुसरीकडे जायला वाट नाही. क्षारामुळे कॉइल स्वतः जास्त तापून लवकर जळते आणि तापताना कडकड, खदखद असे आवाज येतात. वेळ लागण्याची कारणं बहुधा वेगळी असतात. एक, व्होल्टेज. २३० ऐवजी १९० मिळत असेल तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १३६० वॅटचं काम करते, म्हणजे जवळजवळ दीडपट वेळ. गावाकडे सकाळी ज्या वेळी सगळ्यांचे गीझर आणि शेतातले पंप एकदम सुरू होतात त्या वेळी हेच होतं, आणि नवा गीझर आणून त्यात काडीचा फरक पडत नाही. दोन, थर्मोस्टॅट लवकर तोडतो आहे. तीन, थंडीत आत येणारं पाणीच मुळात गार आहे.

ताडून पाहायचं तर हिशोब सोपा आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एक युनिटभर वीज लागते. २००० वॅटच्या गीझरला अर्धा तास. १५ लिटरला १८-१९ मिनिटं. घड्याळ लावून बघा. एवढ्यात दिवा बंद होत असेल तर गीझर त्याचं काम करतो आहे.

पाणी तापतं पण एका बादलीत संपतं, ही तक्रार फसवी असते. आत गरम पाणी वरच्या थरातून उचलणारी नळी असते. ती तुटली किंवा सडली तर खालचं गार पाणी नळाला येतं. पण त्याआधी मिक्सर तपासा. गरम आणि गार दोन्ही कॉक उघडे ठेवून शॉवर किंवा हँडशॉवरच्या टोकाला पाणी बंद करायची सवय असेल, तर गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं. गीझरचा दोष नसताना गीझर बदलला जातो, त्या यादीत हे फार वर आहे.

पाणी उकळतं, नळातून वाफ येते, दिवा विझतच नाही, असं असेल तर लगेच बंद करा. थर्मोस्टॅट गेला आहे. दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती होईपर्यंत वापर अजिबात नको.

आणि फक्त गरम नळातून तांबूस पाणी येत असेल (गार नळातून स्वच्छ), तर टाकी आतून गंजायला लागली आहे. यावर पुढे बोलू.

तिसरी पायरी: गळती नेमकी कुठून?

निर्णय इथे होतो, म्हणून घाई करू नका. गीझरखाली ओल दिसली की “टाकी लिक” हा शिक्का मारला जातो. प्रत्यक्षात पाणी चार ठिकाणांहून येऊ शकतं आणि त्यातली तीन किरकोळ आहेत.

आधी सगळं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. मग दोन्ही पाइपांच्या जोडांभोवती, सेफ्टी व्हॉल्व्हखाली आणि खालच्या झाकणाच्या कडेला टिश्यू पेपर गुंडाळा किंवा चिकटवा. गीझर बंद ठेवून तासभर थांबा, मग चालू करून पाणी तापेपर्यंत थांबा. कोणता कागद कधी भिजतो ते पाहा.

जोडाचा कागद भिजला तर टेफ्लॉन टेप, वायसर किंवा जाळीचा कनेक्शन पाइप बदलायचा. अर्ध्या तासाचं काम.

सेफ्टी व्हॉल्व्हचा कागद फक्त पाणी तापत असताना भिजला तर बिघाड नसतोच. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की ते साधारण तीन-चारशे मिलिलिटर फुगतं. आत येणाऱ्या लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर त्या फुगलेल्या पाण्याला मागे जाता येत नाही, ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर येतं. तसंच व्हायला हवं. त्या तोंडाला छोटी नळी लावून ती मोरीत सोडा आणि विसरून जा. मात्र गीझर बंद असतानाही व्हॉल्व्ह सतत टपकत असेल तर एकतर त्यात कचरा-क्षार अडकलाय, किंवा तुमच्या लाइनला दाब जास्त आहे.

दाबाचा मुद्दा नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावा. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब वाढतो. गच्चीवरच्या टाकीतून थेट लाइन असेल तर पंचवीस मजली इमारतीत खालच्या मजल्यावर साडेसात बारच्या आसपास दाब येतो, आणि गीझर ८ बारचा असतो. तापताना पाणी फुगलं की उरलेली जागाही संपते. चांगल्या इमारतीत मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. ते बिघडले की खालच्या मजल्यांवरचे गीझर एकामागून एक गळायला लागतात. तुमच्या वरखालच्या घरांतही वर्षभरात गीझर गेले असतील तर दुकानात जाण्याआधी सोसायटीच्या प्लंबरकडून दाब मोजून घ्या. बंगल्यात प्रेशर पंप बसवल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर तिथेही हीच शंका घ्या.

आता खालच्या झाकणाची कड. इथला कागद भिजला तर दोन शक्यता: गॅस्केट किंवा टाकी. वीज बंद, प्लग बाहेर, मग झाकण उघडून टॉर्च मारा. मध्ये एक गोल लोखंडी तबकडी दिसेल, तिला फ्लँज म्हणतात. कॉइल तिच्यावर बसलेली असते. पाणी फ्लँजच्या कडेनं किंवा बोल्टांजवळून झिरपत असेल तर गॅस्केट गेलं. ते काही शेकड्यांचं काम आहे. पाणी फ्लँजच्या बाहेरून, टाकी आणि बाहेरचं कवच यांच्या मधल्या फोममधून येत असेल तर टाकी फुटली. फोम दाबला की पाणी निथळतं, कवचावर आतून गंजाचे ओघळ येतात, कधी कवच फुगतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा किंवा कारागिराकडून फोटो काढून घ्या. “टाकी गेली” हे वाक्य फोटोशिवाय मान्य करू नका.

टाकीला वेल्डिंग करून मिळेल का? तांब्याच्या टाकीचे जुने गीझर होते त्यांना डाग देऊन वर्ष-दोन वर्षं काढता यायची. आजच्या बहुतेक टाक्या पातळ पोलादाच्या, आतून काचेसारख्या इनॅमलचा थर दिलेल्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो थर आजूबाजूला तडकतो आणि एका भोकाच्या जागी चार होतात. स्टेनलेस स्टीलच्या टाकीत वेल्डिंगच्या शिवणीजवळच गंज धरतो, तिथे पुन्हा वेल्डिंग करून फार काळ निभत नाही. एमसील वगैरे लावून दाबाखालची गरम टाकी चालवणं तर नकोच.

चौथी पायरी: तुमच्या घरचं पाणी

एकाच दिवशी घेतलेले एकाच मॉडेलचे दोन गीझर, एक मुंबईत दादरला आणि एक पुण्याच्या कडेला वाघोलीला, यांचं आयुष्य सारखं नसतं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरण-तलावांचं मऊ पाणी येतं. पुण्यात खडकवासल्याचं पालिकेचं पाणीही तसं सौम्य. पण शहराच्या कडेच्या वस्त्यांत टँकर आणि बोअर, मराठवाड्यात तर बोअरशिवाय गत्यंतर नाही अशी कितीतरी गावं. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थंड पाण्यात विरघळलेले राहतात आणि पाणी तापलं की कॉइलवर खपली धरतात. पाणी ६० अंशांच्या पुढे नेलं की खपली भराभर जाड होते.

बादलीला पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं बुजतात: पाणी जड आहे हे ओळखायला एवढं पुरे. अशा घरात तीन गोष्टी करा. थर्मोस्टॅट बाहेरून फिरवता येत असेल तर ५०-५५ अंशांवर ठेवा. वर्षातून एकदा फ्लँज उघडून क्षार काढून घ्या. आणि त्याच वेळी ॲनोड रॉड बघा.

ॲनोड रॉड ही टाकीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. मॅग्नेशियमची ही कांडी टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः गंजते आणि संपते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. निम्म्याहून जास्त झिजली असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. टाकीच्या किमतीच्या मानानं तिची किंमत नगण्य आहे, तरी सर्व्हिसवाले स्वतःहून ती क्वचितच दाखवतात, म्हणून नाव घेऊन मागा. गरम पाणी नुकतंच तांबूस व्हायला लागलं असेल तर कधी नव्या रॉडवर टाकी तगते; पाणी महिनोन्महिने तांबडं येत असेल तर आत गंजानं घर केलंय आणि रॉडवरचे पैसे वाया जातात.

पाचवी पायरी: आता हिशोब

टाकी फुटलेली असेल आणि वॉरंटी संपलेली असेल तर हिशोब नाहीच, नवा घ्या. टाकी शाबूत असेल तर मी असा विचार करतो.

पाच वर्षांच्या आतला गीझर: काहीही बिघडलं तरी दुरुस्ती. पाच ते आठ वर्षं: एक भाग बिघडला असेल आणि मजुरीसकट खर्च नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर दुरुस्ती. आठ-नऊच्या पुढे: गॅस्केट, प्लग, व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट एवढ्यापर्यंत ठीक, कॉइल बदलायची असेल तर आधी फ्लँज उघडून आत बघायचं आणि मगच ठरवायचं. हे नियम मऊ पाण्याचे. जड पाण्याच्या घरात प्रत्येक टप्पा दोनेक वर्षं अलीकडे ओढा.

उदाहरण घेऊ. समजा नवा गीझर बसवून नऊ हजारांना पडतो. सहा वर्षांच्या गीझरची कॉइल गेली, गॅस्केट आणि क्षार काढण्यासकट अठराशे सांगितले. पाचवा हिस्सा; बिनधास्त करून घ्या. दुसरा गीझर नऊ वर्षांचा, कॉइल आणि थर्मोस्टॅट दोन्ही गेलेत, साडेतीन हजार सांगितले, आणि फ्लँजचे बोल्ट गंजून एकजीव झालेत. तो सोडा. ते बोल्ट टाकीलाच जोडलेले असतात. उघडताना एखादा तुटला तर गॅस्केट पुन्हा नीट दाबून बसत नाही आणि चांगली टाकीही निकामी होते. वय कळत नसेल तर बोल्टांची अवस्था बघून बराच अंदाज येतो.

“नवा फाइव्ह स्टार घ्या, बिल वाचेल” या सल्ल्याचं काय? स्टार ठरतात ते टाकीतून नुसती उभ्याउभ्या किती उष्णता निसटते त्यावर. पाणी तापवायला लागणारी वीज एक स्टार असो की पाच, तीच. ज्या घरात सकाळी अर्धा तास गीझर लावून बंद करतात तिथे स्टारमुळे महिन्याला फारसं काही वाचत नाही. ज्या घरात तो दिवसभर चालूच असतो, आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ आहे म्हणून, तिथे फरक पडतो. म्हणजे चालता गीझर केवळ बिलासाठी बदलू नये. नवा घ्यायचाच असेल तर जास्त स्टारचा घ्यावा.

भाड्याच्या घरात असाल तर फोटो आणि कारागिराचा अंदाज आधी मालकाला पाठवा, मग काम करा. नंतर वजावटीवरून होणारी कुरकुर वाचते.

दुरुस्ती करून घेताना

जुना भाग हातात मागा. नव्या कॉइलवर आयएसआयची खूण आणि तेवढेच वॅट आहेत ना ते वाचा. २००० च्या जागी ३००० ची कॉइल “लवकर तापेल” म्हणून घालू देऊ नका, वायर आणि थर्मोस्टॅट त्या भाराचे नसतात. जड पाणी असेल तर काचेचा थर दिलेली किंवा इनकोलॉयची (गंजाला दाद न देणारा मिश्रधातू) कॉइल मागा. फ्लँज उघडला की गॅस्केट नवंच; जुनं उलटं करून बसवायचं नाही. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायला सांगा, नाहीतर एका बाजूनं झिरपत राहतं. शेवटी अर्थिंग तपासून घ्या.

दोन गोष्टींना कधीही होकार देऊ नका. एक, “थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो, पार्ट नंतर आणू.” दुसरी, टपकणारा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बूच मारणं. या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या तर तुमच्या डोक्यावर शिट्टी आणि सेफ्टी दोन्ही बंद केलेला कुकर टांगलेला असतो. गीझर फुटल्याच्या बातम्या येतात त्यामागे हीच जोडी असण्याची शक्यता मोठी.

नवा घ्यायचं ठरलं तर

आधी क्षमता. ६० अंशांचं १५ लिटर पाणी २५ अंशांच्या गार पाण्यात मिसळून आंघोळीजोगं ४० अंशांचं केलं तर ३५ लिटर होतं, जवळजवळ दोन बादल्या. निफाडकडच्या कडाक्यात नळाचं पाणी १५ अंशांवर आलं की तेच १५ लिटर २७ वर येतं. बादलीनं आंघोळ करणाऱ्या चौघांना १५ लिटर पुरतो, मध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबलं की झालं. शॉवर असेल किंवा सकाळी सगळ्यांची एकदम घाई असेल तर २५.

दुकानात ब्रँडच्या आधी चार गोष्टी विचारा: टाकी कशाची आणि तिची वॉरंटी किती, ॲनोड रॉड आहे का आणि सुटा मिळतो का, दाब ८ बार आहे का, आणि तुमच्या तालुक्याला सर्व्हिस कोण देतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस यायला पंधरा दिवस लागत असतील तर लांबलचक वॉरंटी कागदावरच राहते. उभा जाऊन आडवा आणत असाल तर भिंतीतली भोकं आणि पाइप बदलतील, तो खर्च धरा.

बसवताना भिंत बघा. भरलेला २५ लिटरचा गीझर पस्तीस किलोच्या आसपास किंवा जास्त भरतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधे बोल्ट धरत नाहीत. गरम लाइनला सीपीव्हीसी किंवा धातूचा पाइप हवा, साधा पीव्हीसी नाही. स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जुना सेफ्टी व्हॉल्व्ह नव्या गीझरला लावू नका. खोक्यात नवा येतो, तोच बसवला ना बघा.

बाकीचे प्रकार

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर स्वस्त असतो. त्याची कॉइल एकदा बदलायला हरकत नाही, दुसऱ्यांदा नवा घेतलेला बरा. टाकी किंवा प्लॅस्टिक बॉडी गळली तर विचारच नको.

गॅस गीझर पेटत नसेल तर आधी सेल बदला. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. पाण्याचा दाब कमी असेल तरी तो पेटत नाही. डायफ्राम, मायक्रोस्विच हे भाग बदलता येतात. पण ज्योत निळी न राहता पिवळी झाली असेल, वर काजळी धरली असेल तर वापर थांबवा. अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद बाथरूममध्ये माणूस शुद्ध हरपून पडतो. दर हिवाळ्यात असे मृत्यू होतात. तुमचा गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर दुरुस्तीपेक्षा तो बाहेर मोकळ्या हवेत हलवणं आधी करा, ते जमत नसेल तर विजेचा घ्या. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला असेल तर जुना गीझर तसाच जोडू नका. दोन्हींचे जेट वेगळे असतात.

सोलरमध्ये एखाददुसरी काचेची नळी फुटली किंवा रबरी रिंग गळली तर तेवढीच बदलते, पूर्ण संच बदलायला सांगणाऱ्याला नकार द्या. टाकीचा नियम मात्र वरचाच: फोम ओला झाला असेल तर टाकी गेली. बोअरच्या पाण्यावर नळ्यांत क्षाराचा गाळ भरतो, म्हणून पाणी कोमट येतंय अशी तक्रार असेल तर आधी नळ्या काढून धुवून घ्या.

जुना गीझर उतरवल्यावर दुकानदाराची एक्स्चेंजची रक्कम आणि भंगारवाल्याचा भाव दोन्ही विचारा. तांब्याच्या टाकीचा असेल तर भंगारवाला जास्त देतो, आणि हे तो आपणहून सांगत नाही. देण्याआधी थर्मोस्टॅट नवा असेल तर काढून ठेवा. त्याच मॉडेलचा दुसरा गीझर घरात असला तर कामाला येतो. नव्याच्या बिलाचा आणि पाटीचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण थर्मल कागदावरचं बिल टाकीची वॉरंटी संपायच्या कितीतरी आधी कोरं होतं.